अस्थ्यर्बुद : वैद्यविद्यार्थ्यांनी श्वानही पाहावा

अर्बुद शिकविताना सुश्रुतांनी निदानस्थानात सांगितलेले सहा प्रकार आपण पाठ करून घेतो, अर्बुद पिकत नाही हेही सांगतो. परंतु अस्थीत वाढणारे दुष्ट अर्बुद, म्हणजे ऑस्टिओसार्कोमा, बहुतेक विद्यार्थ्यांनी पदवी हाती येईपर्यंत पाहिलेले नसते. दोष त्यांचा नव्हे. मनुष्यात हा व्याधी विरळ आहे. श्वानांत मात्र, विशेषतः ग्रेट डेन, रॉटवायलर अशा थोराड जातींत, तो कितीतरी अधिक आढळतो.

लोणंदच्याच खंडाळा तालुक्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सातारा-सांगलीकडील आयुर्वेद महाविद्यालयांनी अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेथील पशुवैद्यांकडून हा व्याधी समजावून घेण्याची सोय करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. शालिहोत्र-पालकाप्यांची परंपरा अभिमानाने सांगणाऱ्यांना यात कमीपणा वाटू नये.

दोहोंतील साम्य विलक्षण आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे रूप सारखेच, फुफ्फुसात पसरण्याची रीतही तीच. मिफाम्युर्टाइड हे औषध प्रथम श्वानांत पारखले गेले. २००९ मध्ये युरोपात ते मनुष्यासाठी मान्य झाले. भेदही शिकविला पाहिजे. श्वानास हा व्याधी बहुधा उतारवयात, पुढील पायाच्या मनगटाजवळ होतो. मनुष्यात तो मुख्यतः १० ते २० या वयात, गुडघ्याच्या आसपास. म्हणजे नेमका वाढीचे दुखणे, खेळातील मुरगळ किंवा वात म्हणून आपल्याकडे येणारा रुग्ण!

अशा गुडघ्यास आपण अभ्यंग सांगतो, स्वेदन करतो आणि महिना निघून जातो. पोखरलेले हाड जोराच्या मर्दनाने मोडूही शकते. केवळ अंगच्छेद हाच उपाय होता त्या काळी पाचांतील एखादाच रुग्ण वाचे. १९७० नंतर रसायनोपचारांची जोड मिळाली आणि व्याधी पसरण्यापूर्वी सापडल्यास आज तिघांपैकी सुमारे दोघे वाचतात. अनेकांचा पायही राखता येतो. गमावलेल्या महिन्याची किंमत यावरून कळावी.

औषधालयाच्या मालकांनाही एक विनंती. चौदा वर्षांच्या मुलासाठी कोणी वेदनाशामक तेलाची तिसरी बाटली मागितली, तर वेदना रात्री वाढते काय, सूज एकाच पायास आहे काय, एवढे विचारावे. उत्तर होय असेल तर तेल बाजूला ठेवून क्ष-किरण चित्र काढावयास पाठवावे. चित्रात शंका आली, तर गाठीचा तुकडा गावात काढू नये. जेथे पुढील शस्त्रकर्म व्हावयाचे, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या त्याच ठिकाणी तो काढला जावा.