राष्ट्रगीताच्या वेळचे मौन

कायदा सर्वांना सारखा, तेव्हा देवाचे नाव पुढे करून कोणी त्यातून सुटका मागू नये, हे म्हणणे ऐकायला बिनतोड वाटते. १९८५ साली केरळात त्याची कसोटी लागली. कोट्टायम जिल्ह्यातील एका शाळेत शिकणारी तीन भावंडे ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची होती. राष्ट्रगीत सुरू झाले की ती आदराने उभी राहत, मात्र गात नसत; देवावाचून कोणाचेही स्तवन करायचे नाही, ही त्यांची श्रद्धा. वर्षानुवर्षे याने कोणाचे काही बिघडले नव्हते. मग विधानसभेत प्रश्न निघाला, आणि मुलांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही असे चौकशीत दिसूनही त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. उच्च न्यायालयाने राष्ट्रगीताचा शब्द न् शब्द तपासला, कोणाच्या धर्मभावनेला धक्का बसावा असे त्यात काही नाही असा निर्वाळा दिला आणि दाद नाकारली.

हा निर्वाळा देणे हेच मुळात न्यायालयाचे काम नव्हते. श्रद्धा इतरांच्या बुद्धीला पटते का, हे पाहायचे ठरले तर अल्पसंख्य श्रद्धा एकही टिकणार नाही. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. चिन्नप्पा रेड्डी व न्या. दत्त यांनी नेमके हेच ओळखले. श्रद्धा मनापासूनची आहे का, एवढेच त्यांनी पाहिले आणि मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. आणखी एक गोष्ट उघड झाली. १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाविषयीचा कायदा राष्ट्रगीत गाण्यास अटकाव करणाऱ्याला किंवा त्यात व्यत्यय आणणाऱ्याला शिक्षा सांगतो. गप्प उभ्या राहणाऱ्याला नाही. ज्या कायद्याच्या समानतेचा एवढा आग्रह धरला गेला तो कायदा अस्तित्वातच नव्हता, होती ती फक्त शिक्षण खात्याची परिपत्रके!

अशा सवलतींनी राष्ट्र खिळखिळे होते, हा दुसरा आक्षेप. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये तो मान्य करून याच पंथाच्या मुलांवर ध्वजवंदनाची सक्ती वैध ठरवली. त्यानंतर एकजूट वाढली नाही. गावोगावी या पंथाच्या लोकांवर जमाव चालून गेले. १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरवला, आणि त्यामुळे अमेरिका युद्ध हरली नाही. त्याच काळात जर्मनीत हिटलरची आज्ञा नाकारणारे हे लोक छळछावण्यांत खितपत होते. धर्म सोडल्याच्या कागदावर सही केली तर सुटका होईल, असे त्यांना सांगितले जाई. तरी बहुतेकांनी सही केली नाही. त्यांना आज्ञाभंग करणारे म्हणून कोण दोष देईल?

खरा अवघड आक्षेप तिसरा आहे. सतीची चालही देवाधर्माच्या नावानेच चालली होती. १८२९ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंकने ती बंद केली तेव्हा सनातनी हिंदूंच्या धर्मसभेने थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत धाव घेतली. अस्पृश्यतेलाही शास्त्राचा आधार दाखवला जाईच. मग श्रद्धेला मान द्यायचा तर यांनाही द्यायचा का? मुळीच नाही. माझ्या मते प्रश्न एवढाच विचारावा, की श्रद्धेची किंमत कोण मोजतो. धर्मसभेच्या श्रद्धेसाठी जळत होती ती विधवा. देवळाबाहेर तिष्ठत होता तो दलित. केरळच्या मुलांच्या मौनाने दुसऱ्या कोणाचे काहीच गेले नाही, आणि त्यांची शाळा गेली ती श्रद्धेने नव्हे, शासनाच्या हुकुमाने. ही कसोटी याच पंथालाही लावली पाहिजे. रक्त चढवून घेणे त्यांना निषिद्ध आहे. जाणत्या माणसाने स्वतःपुरते ते नाकारले तर कोणी त्याच्यावर बळजबरी करू नये. पण आईबाप अजाण लेकराला वाचवणारे रक्त नाकारू लागले, तर न्यायालयाने त्यांचे न ऐकता डॉक्टरांना परवानगी द्यावी.