आम्ही ‘स्नीक’ केलं नव्हतं, मॅडम!

गेल्या वर्षी परीक्षेच्या आधी आम्ही तिघी रोज लायब्ररीत बसायचो. एका रात्री हॉस्टेलवर पोचायला सव्वादहा झाले. गेट दहाला बंद. वॉचमनकाकांनी वहीत नावं लिहून घेतली आणि आत सोडलं. वर सगळ्या झोपलेल्या, म्हणून आम्ही चपला हातात घेऊन रूमवर गेलो. बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी रेक्टर मॅडमनी लेखी खुलासा मागितला, तोही इंग्रजीत.

‘वी वेन्ट इन क्वाएटली’ असं मी आधी लिहिलं होतं. पण ते मला फारच पाचवीतल्या मुलीसारखं वाटलं. मग फोनवर समानार्थी शब्द शोधले. यादीच आली : ग्लाइड, स्लिप, क्रीप, स्लिंक, टिपटो, स्नीक. त्यातला ‘स्नीक’ ओळखीचा वाटला, बुटांमुळे असेल. ‘वी स्नीक्ड इन’ असं झोकात लिहून दिलं. मॅडमनी त्या एका शब्दाभोवती लाल पेनाने गोल काढला आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे चोरून आलात, हे तुम्हीच कबूल करताय.’’ वहीत आमची नावं असूनही महिनाभर लेट पास बंद!

तेव्हा खूप राग आला होता. आता वाटतं, मॅडम आमच्याबद्दल चुकल्या, पण इंग्रजीबद्दल बरोबर होत्या. ‘स्नीक’मध्ये नुसता पाय न वाजवणं नाही, लपवाछपवी आहे. कुणीतरी पाहील आणि पाहिलं तर आपलं काही खरं नाही, ही भीती त्यात आहे. (स्नीकर्सना ते नाव पडलं तेही रबरी तळव्यांचा आवाज होत नाही म्हणूनच.) आम्ही केलं होतं ते ‘टिपटो’च्या जवळचं. चवड्यांवर चालणारा माणूस चोर असू शकतो, तशी बाळाला नुकतंच झोपवलेली आईसुद्धा असू शकते. त्या शब्दात आरोप नाही.

त्या यादीतला प्रत्येक शब्द असाच निघाला. ‘ग्लाइड’ म्हणजे पंख न हलवता तरंगणारी घार. तिथे काही लपवायचं नाही, उलट कुणी बघितलं तर बरंच. ‘स्लिप आउट’ म्हणजे लेक्चरमधून कुणाच्या लक्षात न येता सटकणं. थोडं खट्याळ, पण गुन्हा नाही. ‘स्लिंक’ करणारा मात्र शेपूट घालून जातो, त्याला स्वतःचीच लाज वाटत असते. ‘साइडल’ म्हणजे तिरकं तिरकं सरकत, आपलं काही कामच नाही असं दाखवत जवळ येणं. लोकलच्या गर्दीत उभ्या राहणाऱ्या मुलींना याचा अर्थ डिक्शनरीत बघायची गरज नाही. ‘प्राउल’ म्हणजे शिकार शोधत फिरणं. आणि ‘लर्क’ तर बऱ्याचदा हालचालच नसते, तो दबा धरून बसलेला असतो! तरी हे सगळे एका ओळीत, मध्ये स्वल्पविराम देऊन, जणू कुठलाही उचला आणि कुठेही लावा.

या याद्यांचा मूळपुरुष म्हणजे पीटर मार्क रॉजे हा डॉक्टर. त्याचा थिसॉरस 1852मध्ये आला. त्याने शब्द अर्थाच्या जवळिकीप्रमाणे एकत्र ठेवले, पण त्यांचे अर्थ मात्र दिले नाहीत. ते तुम्हाला आधीपासून माहीत आहेत, तुम्हाला फक्त आठवत नाहीयेत, असा एकूण मामला. आपण ते उलटं वापरतो. माहीत नसलेला शब्द तिथून उचलतो आणि शेजारच्या शब्दाचा अर्थ त्याला चिकटवतो.

यात आपलीच चूक आहे असंही नाही. लिओनार्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने दाखवलेला एक फरक मला इथे फार उपयोगी वाटतो. इंग्रजी ‘कसं गेला’ हे क्रियापदातच कोंबते आणि ‘कुठे गेला’ हे ‘इन’, ‘आउट’सारख्या छोट्या शब्दावर सोडते. आपण बहुतेक वेळा उलट करतो. आत शिरला, बाहेर पडला, वर चढला : दिशा क्रियापदात. कसं, ते वेगळं सांगायचं : दबकत, लंगडत, पाय न वाजवता. त्यामुळे आपल्याला ‘कसं’ हा भाग सजावटीचा वाटतो, काढला-घातला तरी चालेल असा. इंग्रजीत तोच वाक्याचा कणा असतो. तो बदलला की माणसाचा हेतू बदलतो.

म्हणजे मराठी गरीब आहे का? अजिबात नाही. मासा हातातून सुळकन निसटतो, साप सळसळत जातो, बिल मागवायची वेळ आली की मित्र कलटी मारतो, वाद वाढला की शहाणा माणूस काढता पाय घेतो. यातला एकही शब्द आपण चुकीच्या जागी वापरत नाही. ‘पाहुण्यांनी जेवणानंतर पोबारा केला’ असं आपण गंभीरपणे लिहू का? आणि गंमत म्हणजे ‘स्टील’ या इंग्रजी क्रियापदाचा चोरीखेरीज दुसरा अर्थ आहे हळूच निघून जाणं, आणि आपल्याकडे आहेत चोरपावलं. दोन्ही भाषांना हळू पावलांत चोरच दिसला! तरी खुलासा मराठीत असता तर मी ‘चोरपावलांनी आलो’ असं लिहिलंच नसतं. ‘आवाज न करता’ लिहिलं असतं. कारण त्या शब्दाचा वास मला माहीत आहे. ‘स्नीक’चा नव्हता.

हा वास याद्या पाठ करून येत नाही, आणि तरी आपण याद्याच पाठ करतो. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत एका शब्दापुढे चार पर्याय, एकाला टिक. जीआरईने 2011मध्ये नुसते विरुद्धार्थी शब्द विचारणं बंद केलं आणि शब्द वाक्यात बसवण्यावर भर दिला. तरी आमच्या ग्रुपवर अजून याद्यांच्या पीडीएफ फिरतातच. मार्कांसाठी करायचं तर करा, मीही करते. पण एसओपी, कव्हर लेटर, खुलासा, तक्रार, जिथे तुमच्या शब्दावरून तुम्हाला जोखलं जाणार आहे, तिथे यादीतला अनोळखी शब्द म्हणजे दुसऱ्याचा मोबाइल पासवर्ड न विचारता हातात घेण्यासारखं आहे. शोभतो छान, चालत नाही.

मी आता शब्द लिहून ठेवते तेव्हा त्याच्यापुढे दुसरा शब्द लिहीत नाही. कोण असं चालतं, कुणापासून लपतं का, आणि बघणाऱ्याला तो आवडतो का, एवढं लिहिते. दिवसाला दोनच शब्द होतात. आवाजाचे खेळही त्यातच सापडतात. स्लिप, स्लाइड, स्लिदर, स्लिंक, स्लाइम या सगळ्यांत ‘स्ल’ म्हटलं की जीभच घसरते. आपल्याकडे सरकणे, सरपटणे, सळसळणे, घसरणे यांत ‘स’ने तेच काम धरलंय. नियम म्हणून नाही हं, ‘सजवणे’ही ‘स’नेच सुरू होतं. पण लक्षात ठेवायला मजा येते.

परवा रूममेट तिच्या एसओपीचा ड्राफ्ट घेऊन आली. मेकॅनिकलमधून डेटा सायन्सकडे कशी वळले, हे तिला भारी शब्दांत सांगायचं होतं. कुठल्याशा वेबसाइटने ‘मूव्ह’च्या जागी ‘स्लिदर’ सुचवलं होतं आणि तिने ते लिहिलंही होतं. ‘‘म्हणजे तू डेटा सायन्समध्ये सरपटत गेलीस,’’ मी म्हटलं. आम्ही पोट धरधरून हसलो. मग तिने ते खोडलं आणि परत ‘मूव्ह्ड’ लिहिलं.