वाण नाही, पण गुण

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, तर वाण नाही पण गुण लागतो, असे आपण माणसांविषयी म्हणतो. पदार्थांच्या बाबतीतही ते अक्षरशः खरे आहे.

1911 साली हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांना आढळले, की उणे 269 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेल्या पाऱ्यातून वीज विनाविरोध वाहते. हीच अतिसंवाहकता. एरवी एकमेकांना दूर लोटणारे इलेक्ट्रॉन तेथे जोड्या करून एका तालात चालतात. अशा धातूला स्वतः अतिसंवाहक नसलेला पदार्थ घट्ट भिडविला, तर सांध्यातून तो ताल पलीकडे झिरपतो आणि दूर जावे तसतसा ओसरतो. सांधा मात्र स्वच्छ हवा. पलीकडच्या पदार्थाची घडण बदलत नाही. उसना गुण तेवढा येतो.

ही संगत बिस्मथ सेलेनाइडसारख्या टोपॉलॉजिकल पदार्थाला दिली, तर? हा पदार्थ अंतरंगात विजेला अडवितो, पृष्ठभागावरून मात्र वाहू देतो. 2008 मध्ये अमेरिकेतील फू आणि केन यांनी गणिताने दाखविले, की अशा पृष्ठभागावर अतिसंवाहकता उतरली, तर तेथील चुंबकीय भोवऱ्यांच्या गाभ्यात ‘मायोराना अवस्था’ अवतरावी. स्वतःचाच प्रतिकण असलेल्या कणाची कल्पना मांडणारे एत्तोरे मायोराना 1938 मध्ये समुद्रप्रवासात बेपत्ता झाले. त्यांच्या नावाची ही अवस्थाही तशीच हुलकावणी देणारी! तिचे मोल असे, की एकच माहिती दूरदूरच्या दोन जागी विभागून ठेवता येईल. मग एका जागच्या धक्क्याने ती पुसली जाणार नाही. क्वांटम संगणकाला नेमके हेच हवे आहे.

2012 मध्ये डेल्फ्ट येथे अतिसंवाहकाला भिडविलेल्या इंडियम अँटिमोनाइडच्या सूक्ष्म तारेत तिच्या खुणा दिसल्या. ही तार जात्या टोपॉलॉजिकल नव्हे. संगत आणि चुंबकक्षेत्र यांनी तिला तसे घडवावयाचे होते. 2018 मध्ये तेथूनच भक्कम पुराव्याचा दावा झाला, आणि 2021 मध्ये तो लेख मागे घेण्यात आला. अडचण खरोखरच बिकट आहे: तारेतील साध्या दोषांमुळेही जवळजवळ तसाच आलेख उमटतो. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने या तत्त्वावरील चिप वाजतगाजत जाहीर केली. सोबतच्या शोधलेखात मात्र, केवळ या मापनांवरून त्या अवस्था टोपॉलॉजिकल आहेत किंवा कसे हे ठरत नाही, असे स्पष्ट नमूद होते.