मालक परगावी, मालकी कुणाची?

"मालक कुठायत?" माण तालुक्यातली बाई कुठल्याही कचेरीत गेली, की पहिला प्रश्न हाच. मालक मुंबईला. मालक कोइमतूरला. मग, "ते आल्यावर या."

माझे वडील मुंबईच्या गिरणीत होते. 1972च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. तिथल्या मस्टरवर तिचा अंगठा चालला. सोसायटीच्या कर्जाला चालला नाही, कारण सातबारा वडिलांच्या नावावर. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या वर्षी वडील कायमचे गावी आले. तोवर बाजरी कुठं, मटकी कुठं, कुठली शेळी विकायची, सगळं आई ठरवायची. आठवड्याभरात ती त्यांना विचारायला लागली. त्यांचे हाल मला कळतात. एका खोलीत पाळीपाळीनं झोपून त्यांनी दिवस काढले. पण त्यांच्या कष्टाचं गावानं नाव घेतलं, आईचे कष्ट घरचेच राहिले.

माझा नवरा गलाईवाला. माण, खटाव, आटपाडी, खानापूरची माणसं देशभर सोनं-चांदी गाळतात, ॲसिडचा धूर छातीत घेतात. रानाला पाणी असतं तर कोण गेलं असतं? हा वर्षातून एकदा, म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला येतो. मुलगी शिकली, तर बापाच्या पैशावर. मुलगा नापास झाला, तेव्हा मात्र "आईनं लक्ष दिलं नाही!" 2012च्या दुष्काळात चारा छावणीत जनावरांपाशी मी राहिले, यादीत नाव त्याचं.

"घर तर तुमच्याच हातात," असं लोक म्हणतात, आपल्यातल्या बायकाही म्हणतात. अगं, हातात काय आहे? शेण आणि खुरपं. 1997 साली म्हसवडला माणदेशी महिला बँक निघाली, तेव्हा पासबुकावर तरी बायकांचं नाव आलं. 2005च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क दिला. नवरा जिवंत असताना बायकोचं नाव मात्र त्यानं लावलं तरच लागतं. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, त्याला तीस वर्षं होऊन गेली. आमच्या गल्लीत अजून एकीचंही नाव लागलेलं नाही.

गेल्या रथाला मी अर्ज पुढं ठेवला. म्हणाला, "माझ्यावर भरवसा नाही?"

म्हटलं, "चाळीस वर्षं रान माझ्या भरवशावर टाकून गेलात, तेव्हा मी विचारलं का?"

सही झालेली नाही. अर्ज ट्रंकेत आहे, पुढच्या रथाला परत काढणार आहे.