चौथा सद्गुण कोणाचा?

२६ जुलै. २००५ साली या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. २०१९ साली याच तारखेच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली. गाडीत हजारभर प्रवासी आणि चहूकडे पुराचं पाणी. दुसऱ्या दिवशी बोटी आल्या, आसपासचे गावकरीही धावले. तेव्हापासून ही तारीख आली की आमच्याकडे नजर आपसूक आभाळाकडे जाते.

अंबरनाथच्या पालेगावातून सकाळी स्टेशनला निघालेल्या माणसाचं बघा. शेअर रिक्षात चौथी सीट, म्हणजे अर्धं अंग बाहेर. रस्त्यात खड्डे, फलाटावर गाडी उशिरा असल्याची घोषणा आणि डब्याच्या दारात पाय रोवून उभा असलेला तो एक जण, ज्याला ठाण्यापर्यंत हलायचंच नसतं. रोमन काळात एपिक्टेटस नावाचा, गुलामगिरीतून सुटलेला स्टोइक तत्त्वज्ञ होता. तो सांगे, सार्वजनिक स्नानगृहात जाण्याआधी तिथे काय चालतं ते आठवा: कोणी पाणी उडवतं, कोणी ढकलतं, कोणी शिव्या देतं, कोणी चोरी करतं. हे गृहीत धरून गेलात तर अंघोळही होते आणि मनही ठिकाणावर राहतं. लोकलचा पास काढणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. दारातल्या त्या गृहस्थाला मात्र कोणीतरी शिकवायला हवं.

जे आपल्या हातात नाही त्याचा त्रास करून घेऊ नका, हे स्टोइकांचं सूत्र हल्ली जो तो सांगतो. सूत्र खरंच आहे, पण कोण कोणाला सांगतंय तेही पाहावं. पाऊस कोणाच्याच हातात नाही. तुंबलेले नाले, वालधुनी नदीत सोडलेलं कारखान्यांचं सांडपाणी आणि ‘आधी टॉवर, मग गटार’ हा क्रम मात्र माणसांनीच ठरवलेला आहे. याच वालधुनीच्या काठी शके ९८२ मध्ये, म्हणजे १०६० साली, शिलाहार राजांनी अंबरनाथचं शिवमंदिर उभारलं. आज त्या काठावर नाकाला रुमाल लावावा लागतो.

एपिक्टेटसला गुरुस्थानी मानणारा मार्कस ऑरेलियस रोमचा सम्राट होता. रोगाची साथ आणि युद्ध एकदमच आलं, खजिना आटला. तेव्हा प्रांतांवर जादा कर न लादता त्याने राजवाड्यातली सोन्याची भांडी आणि राणीची रेशमी वस्त्रं लिलावात काढली, असं त्याच्या प्राचीन चरित्रात आहे. स्टोइकांचे सद्गुण चार: विवेक, धैर्य, संयम आणि न्याय. पहिले तीन घेऊन पालेगावचा माणूस रोज घराबाहेर पडतो. चौथा खुर्चीवरच्यांकडून यायचा आहे. त्यांनी पावसाळा सरण्याची वाट न बघता नालेसफाईचा हिशेब लोकांपुढे मांडावा.

आणि वाचकहो, बदलापूरला उल्हास नदीची धोक्याची पातळी १७.५० मीटर आहे. पाणी तिथवर चढतंय असं कळलं तर लोकल पकडायला धावू नका, सुरक्षित जागीच थांबा.