एका नावेत दोन पिढ्या

मुले लहान असतात तोवर आईबापांनी त्यांच्याबरोबर खेळावे, हे सर्वांस मान्य असते. बाप घोडा होतो, मूल स्वार होते. आई भातुकलीतील पाहुणी होऊन चुरमुऱ्यांच्या जेवणाची तोंडभर स्तुती करते. पण मूल मोठे होऊन स्वतःच्या पायांवर उभे राहिले, की हा खेळ संपतो. मग घरात उरतात ती कामाची बोलणी: नोकरी, भाडे, औषधपाणी, सोयरीक. प्रेम कमी झालेले नसते. पण ते दाखविण्याचे निमित्त मात्र नाहीसे झालेले असते. ही गोष्ट स्वाभाविक म्हणून आपण सोडून देतो. आम्हांस ती सोडून देण्याजोगी वाटत नाही. मोठ्या झालेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईबापांनी पुन्हा एकत्र खेळावे, इतकेच नव्हे तर एकाच बाजूने स्पर्धेत उतरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या मताच्या पुष्ट्यर्थ आम्ही वाचकांचे लक्ष अशा एका खेळाकडे वेधू इच्छितो, की ज्याचे नाव आपल्याकडे थोड्यांच्याच कानांवर गेले असेल. तो खेळ म्हणजे खुल्या समुद्रातील कयाकची शर्यत.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील लोकांची नाव. ग्रीनलंडचा शिकारी लाकडाचा हलका सांगाडा करी, त्यावर सीलचे कातडे ताणून बसवी, आणि दोन्ही टोकांस पाते असलेले वल्हे घेऊन बर्फाळ पाण्यात शिरे. ही नाव तो स्वतःच्या अंगाच्या मापाने बांधी. एकाचा अंगरखा दुसऱ्यास बसू नये, तशी एकाची कयाक दुसऱ्यास बसत नसे. तिच्याच कुळातील एक नवी नाव विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर, समुद्रात बुडणाऱ्यांना वाचविणाऱ्या जीवरक्षकांच्या हाती वाढली. तिला सर्फस्की म्हणतात. एकट्याची सर्फस्की सुमारे सहा मीटर लांब आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद असते. बसणारा तिच्या आत शिरत नाही, वरच्या खोलगट जागेत बसतो आणि पायांनी सुकाणू फिरवितो. खुल्या समुद्रातील आजच्या मोठ्या शर्यती बहुधा याच नावेतून होतात. आंतरराष्ट्रीय कॅनू महासंघाने 2013 साली पोर्तुगालमध्ये या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरविली.

या शर्यतीचा एक विशेष असा आहे, की तीत केवळ बाहुबलाचे चालत नाही. पाठीवर वारा घेऊन नाव निघाली, की मागून एकामागून एक लाटा येतात. लाट खाली शिरताच नावेचे मागचे टोक उचलले जाते व पुढचे खाली झुकते. नेमक्या त्या क्षणी जोराने चार-सहा हात मारले, तर नाव लाटेवरून घसरत पुढे जाते. क्षण चुकला तर लाट निघून जाते आणि हात मात्र दमतात. कोणती लाट घ्यावी, कोणती सोडावी, ही विद्या पुस्तकात सापडत नाही. ती वर्षानुवर्षे समुद्र पाहून येते. हवाई बेटांत मोलोकाई ते ओआहू ही सुमारे 52 किलोमीटरांची शर्यत या खेळात अत्यंत मानाची समजली जाते. दोन बेटांमधील काईवी सामुद्रधुनी वारा आणि लाटा यांसाठी प्रसिद्ध आहे. दक्षिण आफ्रिकेचे ऑस्कर चालुप्स्की यांनी ही शर्यत प्रथम 1983 साली जिंकली, तेव्हा ते विशीत होते. बारावा विजय त्यांनी 2012 साली मिळविला, तेव्हा त्यांचे वय 49 वर्षांचे होते. धावण्याच्या शंभर मीटरांत असे घडणे कठीण. समुद्रावर ते घडू शकते. कारण तेथे तरुणाच्या दंडातील बळाइतकीच प्रौढाच्या डोळ्यांतील जाण उपयोगी पडते.

म्हणूनच मोठ्या झालेल्या मुलाने आणि बापाने, किंवा मुलीने आणि आईने, एकाच नावेत बसून खेळण्यास हा खेळ योग्य आहे. येथे कोणी कोणावर उपकार करीत नाही. मूल म्हाताऱ्यास सांभाळून घेत नाही, की बाप मुलास मुद्दाम जिंकू देत नाही. एकाजवळ जे आहे ते दुसऱ्याजवळ कमी आहे, आणि शर्यतीस दोन्ही लागते.

दोघांच्या नावेचा एक साधा नियम आहे, आणि आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. जो पुढे बसतो तो समुद्र पाहतो, बहुधा तोच पायांनी सुकाणू फिरवितो, आणि वल्ह्याची लयही तोच ठरवितो. मागे बसणाऱ्याने त्या लयीत आपले वल्हे मिसळावयाचे असते. त्याचे बळ कितीही मोठे असो, त्याचा हात पुढच्याच्या हाताबरोबर पाण्यात पडला नाही तर नाव डुलते आणि वेग मोडतो. मग पुढे कोणी बसावे? वयाने मोठा असेल त्याने? घरात तसा रिवाज आहे. पण समुद्राला घरचे रिवाज ठाऊक नसतात. ज्याला त्या दिवशी लाटा अधिक चांगल्या वाचता येतात, त्याने पुढे बसावे. प्रारंभी ती व्यक्ती बाप असेल, आई असेल. पुढे एक दिवस असा येतो, की मुलाची नजर अधिक तीक्ष्ण झालेली असते. त्या दिवशी ज्याने बोट धरून मुलास चालविले, त्याने मुलाच्या पाठीमागे बसावे, आणि त्याच्या हाताबरोबर हात टाकावा. हा दिवस कोणी लादण्यापूर्वी आईबापांनी आपण होऊन निवडावा, यातच त्यांचा मोठेपणा आहे. आणि मुलाचा मोठेपणा कशात? पुढे बसल्यावरही मागून आलेला शब्द ऐकण्यात. मागे बसलेला माणूस समुद्र विसरलेला नसतो.

एकाच क्रीडामेळाव्यात दोन पिढ्या उतरल्याची उदाहरणे आहेत. 2016 सालच्या रिओ ऑलिंपिकमध्ये जॉर्जियाच्या नेमबाज निनो सालुक्वाद्झे आणि त्यांचा मुलगा त्सोत्ने हे दोघेही आपल्या देशातर्फे खेळले. त्याच ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाचे शिडाच्या नौकेचे खेळाडू सान्तियागो लांगे यांनी वयाच्या 54 व्या वर्षी सेसिलिया कारान्सा यांच्यासह सुवर्णपदक मिळविले. त्याच्या आदल्याच वर्षी कर्करोगामुळे त्यांच्या एका फुप्फुसाचा भाग काढावा लागला होता. त्यांचे मुलगे यागो आणि क्लाउस हेही तेथे शर्यतीत होते, पण निराळ्या नौकेत, निराळ्या प्रकारात. ही दृश्ये हृद्य खरीच. परंतु वेगवेगळ्या नावांत बसून एकमेकांना हात हालविणे सोपे आहे. एका नावेत बसणे कठीण.

किती कठीण, हे कॅनडातील डॉन स्टार्केल यांच्या प्रवासावरून कळते. ते जुने शर्यतपटू होते. 1967 साली कॅनडाच्या शताब्दीनिमित्त रॉकी पर्वताच्या पायथ्यापासून मॉन्ट्रिअलपर्यंत कॅनूंची जी प्रदीर्घ शर्यत झाली, ती जिंकणाऱ्या मॅनिटोबाच्या चमूत ते होते. 1 जून 1980 रोजी, वयाच्या 47 व्या वर्षी, डेना आणि जेफ या विशीच्या उंबरठ्यावरील आपल्या दोन मुलांसह ते विनिपेगहून एका उघड्या कॅनूतून निघाले. नद्यांतून मेक्सिकोच्या आखातात, तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिण अमेरिकेत, आणि अखेर ॲमेझॉनच्या मुखाशी बेलेम येथे. हे अंतर 19 हजार किलोमीटरांहून अधिक भरले, आणि त्यास जवळजवळ दोन वर्षे लागली. ही काही शर्यत नव्हती. पण समुद्राशी झुंजण्यात शर्यतीहून ती कोठे उणीही नव्हती. नाव उलटली, उपासमार झाली, बंदुकीच्या धाकाचे प्रसंग आले. डेनाला दम्याचा विकार होता; तरी तो 1 मे 1982 रोजी वडिलांबरोबर बेलेमला पोहोचला. जेफ मात्र पोहोचला नाही. मेक्सिकोत असतानाच त्याने परत फिरण्याचा निर्णय घेतला आणि तो घरी गेला.

वाचकांपैकी कित्येकांस जेफ हा कच्चा वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. बापाच्या नावेतून उतरण्यासही धैर्य लागते. आणि ज्या नावेतून उतरता येत नाही ती खेळाची नाव नव्हे, ती कैद होय. आमच्या मतावर जो सर्वांत बळकट आक्षेप घेतला जातो त्याचे उत्तर येथेच आहे. आक्षेपक म्हणतात, ‘आईबाप आपल्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छा मुलांच्या खांद्यांवर टाकतात, खेळातही तेच होईल.’ भय खोटे नाही. मुलाने कोणती शाखा घ्यावी, कोणते शिक्षण घ्यावे, हे ज्या घरांत त्यास न विचारता ठरते, त्या घरांत शर्यतही न विचारता ठरेल. म्हणून आमची अट एवढीच, की ‘मी येत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार मुलास असावा, आणि तो वापरल्याबद्दल त्यास घरात टोमणे ऐकावे लागू नयेत. हा अधिकार असूनही जे मूल नावेत बसते, तेच खरे सोबती.

दुसरा आक्षेप जिवाच्या भीतीचा. आपल्या घरांतून ‘पाण्याजवळ जाऊ नकोस’ हे वाक्य मुले चालू लागल्यापासून ऐकतात. समुद्राचा धाक असावाच. पण धाक म्हणजे अज्ञान नव्हे. या खेळातील जाणते लोक तरंगते जाकीट घालतात, आणि आपला पाय दोरीने नावेस बांधतात. कारण खेळाडू पाण्यात पडला तर वारा रिकामी नाव त्याच्या पोहण्याहून वेगाने लांब नेतो. दोघांच्या नावेत पडणे सहसा एकट्याचे नसते, दोघेही पडतात. मग एकाने नाव धरावयाची, दुसऱ्याने चढावयाचे, आणि चढलेल्याने तोल सांभाळून पहिल्यास वर घ्यावयाचे. ज्यांनी एकदा असे एकमेकांस पाण्यातून वर घेतले, त्यांना घरातील लहानसहान बोलाचालीचे फारसे भय उरत नसावे.

आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर बाप आणि मुलगा एका होडीत दिसणे ही नवलाई नाही. मासेमारी करणाऱ्या घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. रापण ओढताना दोरीस लागलेल्या हातांत म्हाताऱ्यांचेही हात असतात आणि पोरांचेही, आणि सर्वांनी एका लयीत ओढल्यावाचून जाळे किनाऱ्यास लागत नाही. त्यांना जे पोटासाठी साधले, ते आम्हां शाळाकचेऱ्यांत वाढलेल्या घरांना आनंदासाठी साधू नये काय? शाळेच्या क्रीडामहोत्सवात आजवर पालकांसाठी लिंबू-चमचा आणि संगीत-खुर्ची होत आली. पालक धावतात आणि मुले टाळ्या वाजवितात. आमची सूचना अशी, की पावसाळा सरून खाडीचे पाणी निवळले म्हणजे माजी विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील यांची एक जोडीची नौकाशर्यत ठेवावी. अंतर थोडे असावे, पाणी उथळ असावे, जाकिटे सर्वांस सक्तीची असावीत, आणि पोहता येणारी जाणती माणसे सोबतीस असावीत. खुला समुद्र पुढे केव्हा तरी.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकी बहुतेकांस अजून पुढची जागा मिळावयाची आहे. ती मागून घेऊ नका. लाटा वाचावयास शिका, म्हणजे ती आपोआप मिळेल. आणि पालकहो, ती देण्याचा दिवस आला म्हणजे ‘अजून वेळ आहे’ असे म्हणू नका. मागच्या जागेवरून समुद्र कमी दिसतो खरा. पण आपण वाढविलेल्या माणसाचे खांदे कसे चालतात, हे तेथूनच नीट दिसते.