शाप नव्हे, पगारवाढ

युरोपियन फुटबॉलच्या गप्पा रंगल्या की कुणीतरी जाणकार हमखास बेला गुटमानचा शाप काढतो. या प्रशिक्षकाने बेनफिकाला १९६१ आणि १९६२ असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकून दिला, मग पैसे वाढवून मागितले. क्लबने नकार दिला. जाता जाता तो म्हणे शाप देऊन गेला, की शंभर वर्षं तुम्ही युरोपात जिंकणार नाही! त्यानंतर २०१४पर्यंत बेनफिका युरोपातले आठ अंतिम सामने हरला. मीही ही गोष्ट अनेक वर्षं चवीने सांगायचो. आता तिची चीड येते.

गोष्टीचा सांगाडा बघा. पैशासाठी अडून बसलेला ज्यू, आणि पैसे मिळाले नाहीत म्हणून तळतळाट देणारा ज्यू. हा शायलॉकच आहे, फक्त हातात शिट्टी दिलेली. 'अहो, गंमत आहे' असं म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: सलग दोनदा युरोप जिंकून देणाऱ्या माणसाने पगारवाढ मागितली, तर त्यात लोभ कुठे दिसला? तुम्ही मागत नाही?

आणि पराभवांना शाप कशाला हवा? १९६५चा अंतिम सामना इंटरविरुद्ध त्यांच्याच मिलानमधल्या मैदानावर झाला. १९८८ आणि २०१४चे सामने पेनल्टींवर गेले.

या शापापायी झाकलं जातं ते त्याचं आयुष्य. जन्म १८९९, बुडापेस्ट. एमटीकेचा खेळाडू. हंगेरीतलं वातावरण ज्यूंसाठी विषारी झाल्यावर तो व्हिएन्नाला गेला आणि तिथल्या हाकोआ या ज्यू क्लबकडून १९२५मध्ये ऑस्ट्रियाचा विजेता ठरला. १९४४मध्ये तो आधी एका माळ्यावर लपून राहिला, मग सक्तमजुरीच्या छावणीत सापडला. डिसेंबरमध्ये तिथल्या खिडकीतून उडी मारून पळाला. सोबत होता एर्नो एर्बश्टाइन, पुढे तोरिनोचा महान संघ घडवणारा आणि १९४९च्या सुपेर्गा विमान अपघातात त्याच संघासोबत गेलेला. गुटमानचे वडील आणि बहीण नाझींच्या हातून मारले गेले.

त्या उडीनंतर सतरा वर्षांच्या आत हा माणूस युरोपियन कप जिंकला. याहून मोठी गोष्ट फुटबॉलमध्ये मला तरी माहीत नाही, आणि आपण मात्र त्याचा दुर्वास करून मोकळे झालो.

यापुढे माझ्यासमोर कुणी तो शाप काढला, तर मी आधी त्याला ती खिडकी सांगणार आहे.